पाहुण्यांसाठी उचललेली सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. चपला बाहेर काढून या आणि खाली बसून ऐका, एवढी एकच अट आहे. माणसांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत. मी माणूस पायांवरून ओळखते आणि आजवर फारशी चुकलेली नाही.

माझा जन्म तुरुंगातला. गुन्हा माझा नव्हे, मला विणणाऱ्याचा. तो कोणता, हे त्याने मागावर बसून कधी सांगितलं नाही. त्याला बाहेर पडायला अजून बरीच वर्षं होती, म्हणून त्याच्या हाताला घाई नव्हती. पांढऱ्या सुतावर चार बोटं रुंदीचा आडवा लाल पट्टा, मग एक हात जागा सोडून पुन्हा लाल पट्टा. माप तो स्वतःच्याच हाताने घ्यायचा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मी वीसेक हात लांब झाले तेव्हा देखरेखीवरचा माणूस म्हणाला, "पट्टे लईच दूर दूर टाकले गा तू. कोण घेईन हे?" शेवटी सक्करदरा वस्तीतल्या एका समाजभवनाने मला स्वस्तात घेतलं.

तिथे पंधरा वर्षं मी लोकांच्या बुडाखाली काढली. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, लोक माझ्यावर मांडी घालून बसत, तेरवीलाही तशीच घालून बसत. जेवणाला नावं दोन्हीकडे ठेवत, तेरवीला जरा हळू आवाजात. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत, स्वयंपाकाच्या मोठ्या गंजांच्या, म्हणजे पातेल्यांच्या, मागे झाली. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. मी फार मनाला लावून घेतलं नाही.

तिथून मला बाहेर काढलं मधुकररावांनी. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची बायको पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने, आठ वर्षं आजारी होती. ती गेल्यावर त्यांनी या आजाराच्या लोकांसाठी भवनात व्यायामाचा वर्ग सुरू केला. बुधवारी आणि शनिवारी सकाळी अकरा पेशंट यायचे. शिकवायला श्वेता मॅडम होत्या, फिजिओथेरपिस्ट. झोपून करायच्या व्यायामासाठी खाली अंथरायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी.

पहिल्या दिवशीच मला मारोतरावांचे पाय भेटले. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनवर काढलेले ते पाय, टाचा जाड, डाव्या अंगठ्याचं नख काळं. आता मात्र चालता चालता ते फरशीला चिकटत. दुखत नव्हते, लुळे पडलेले नव्हते, नुसते उचलत नसत. दारात तर हमखास. त्यांची बायको कुसुमताई हात धरून ओढायच्या.

"अवो, काहून थांबले?"

"मी कुठं थांबलो? डोकं म्हणते चाल, पाय म्हणते थांब जराशेक. मधात मी फसलो."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पट्ट्यावर गेली. त्यांनी पाय उचलला आणि पट्ट्याच्या पलीकडे टाकला. मग दुसरा. पट्टा ओलांडत ओलांडत ते माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, एकटेच, आणि वळून बायकोकडे बघत उभे राहिले. कुसुमताईंचा हात हवेत तसाच राहिला होता.

श्वेता मॅडमना नवल वाटलं नाही. समोर आडवी रेघ दिसली की अशा माणसाच्या पायाला पुढचं पाऊल सापडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना फरशीवर चिकटपट्ट्याच लावायच्या होत्या, पण फरशी खराब होते म्हणून भवनाच्या समितीने नाही म्हटलं होतं. त्या दिवसापासून माझ्या कडा बाकांखाली घट्ट दाबून, कोणी अडखळू नये अशी मला अंथरू लागले. ज्या दोषामुळे मी स्वस्तात गेले होते, त्यावरून अकरा माणसं चालू लागली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात भवन लग्नांना गेलं आणि वर्ग दोन महिने बंद पडला. जुलैत मारोतराव आले तेव्हा कपाळावर पाच टाके होते आणि पाय पुन्हा फरफटत होते. वर्ग असताना ते पहाटे उठून कुसुमताईंसाठी चहा करायचे. नोकरीत असताना त्यांच्या पाळीच्या वेळा सांभाळत बायकोने आडवेळेला चहा केला होता, त्याची परतफेड म्हणायचे. वर्ग बंद झाला, चहाही बंद झाला. एकदा करायला गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात पडले.

मधुकररावांनी दोन वर्षं पदरमोड करून वर्ग चालवला होता. आता पेन्शन पुरेना. श्वेता मॅडमना पुण्याच्या एका रुग्णालयातून बोलावणं आलं होतं. दसऱ्यापर्यंत त्या थांबणार होत्या. तोवर पैशाची सोय झाली नाही तर वर्ग संपणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मारोतराव तर दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजत होते.

व्यायामाच्या उपक्रमांना मदत करणारी एक संस्था मधुकररावांना सापडली. अर्जात एक रकाना होता, 'आतापर्यंत किती लाभार्थी पूर्ण बरे झाले?' मधुकरराव माझ्यावरच बसून लिहीत होते. मग त्यांनी लिहिलं, 'एकही नाही. हा आजार बरा होत नाही.' मात्र पुढच्या पानावर त्यांनी चालायची दोन यंत्रं मागितली. देणाऱ्याला स्वतःचं नाव रंगवायला एखादी वस्तू लागते, असं त्यांचं म्हणणं. वर्गाचा चालू खर्च त्याखाली बारीक अक्षरात मागितला. संस्थेकडून मुग्धाताई नावाच्या बाई वर्ग बघायला येणार असं पत्र आलं.

आणि पाहुणे येणार म्हटल्यावर घरोघरी होतं तेच झालं. मधुकररावांनी बिछायत केंद्रातून गालिचा भाड्याने आणला. गडद मरून, एकरंगी, एक रेघ नाही.

"हे विटकं उचला गा," ते म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले. उंदरानं खाल्लेलं पाहून काय म्हणतीन?"

श्वेता मॅडम असत्या तर त्यांनी अडवलं असतं, पण त्या मुग्धाताईंना आणायला स्टेशनवर गेल्या होत्या. मला गुंडाळून सुतळीने बांधलं आणि दाराबाहेर चपलांशेजारी उभं केलं. मारोतराव तिथेच चपला काढत होते. ते म्हणाले, "पट्टे राहू द्या गा." या आजारात माणसाचा आवाजही बारीक होतो. तो फक्त मला ऐकू आला, आणि माझा काय उपयोग?

पाहुण्या आल्या, हारतुरे झाले. मॅडमनी गालिचा पाहिला आणि सतरंजी कुठे, हे विचारायला त्या वळल्या. तोवर मधुकररावांनी मारोतरावांना पुढे केलं होतं. ते दोन पावलं गेले आणि गालिच्याच्या मधोमध रुतले.

"चला काका, चला," सगळे म्हणू लागले. चला म्हटलं की ते पाय आणखीच चिकटतात. गुडघे थरथरायला लागले. मुग्धाताई लिहायच्या थांबल्या. मधुकरराव म्हणाले, "रोज चालतात हो. आजच कसं..."

कुसुमताई बाहेर आल्या. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी तोडली. मला फरफटत आत नेलं.

"सरका भाऊजी," त्या मधुकररावांना म्हणाल्या, आणि मला त्या भाड्याच्या गालिच्यावर, थेट नवऱ्याच्या अंगठ्यापुढे उलगडलं. श्वेता मॅडमनी धावत येऊन माझ्या कडा धरल्या.

काळं नख माझ्या पहिल्या पट्ट्याजवळ आलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाय उचलला गेला. मारोतराव मुग्धाताईंच्या खुर्चीपर्यंत चालत आले आणि त्यांना नमस्कार केला.

मुग्धाताईंनी विचारलं, "तुमच्या अर्जात दोन यंत्रं मागितली आहेत. हवी आहेत का?"

ऐकायला त्यांना वाकावं लागलं. मारोतराव म्हणाले, "मशीनीसोबत मी चौतीस वर्षं राहिलो, बाई. मले मशीन नाही पाहिजे. ही मॅडम पाहिजे. बुधवारी अन् शनिवारी."

मुग्धाताईंनी अर्जावरच्या यंत्रांच्या ओळीवर रेघ मारली. शब्द काही दिला नाही. दसऱ्याला चार दिवस उरले असताना पत्र आलं: मॅडमचं मानधन आणि भवनाचं भाडं, दोन वर्षांसाठी, मे-जूनसुद्धा. त्यात माझा उल्लेख 'इतर साधी साधने' असा होता. मधुकररावांनी ते पत्र चारदा वाचलं आणि मग माझ्यावर येऊन नुसते बसले.

संस्थेचं पत्र पाहून समितीलाही जाग आली. फरशीवर पक्क्या रंगाने रेघा मारायला परवानगी मिळाली. श्वेता मॅडमनी टेप घेऊन अंतर मोजलं ते माझ्यावरून, म्हणजे त्या कैद्याच्या हाताचं. रेघा झाल्या आणि माझं काम संपलं. मधुकरराव म्हणाले, आता हिला कुठे ठेवायची?

कुसुमताई म्हणाल्या, "भवनात त चालते हो हे, घरच्या दाराचं काय?"

त्यांनी कात्री आणली. वाईट वाटलं. पण उंदरांनी खाण्यापेक्षा बरं. माझे अकरा तुकडे झाले, कडा शिवल्या, खाली रबर लावलं आणि अकरा घरांत जिथे जिथे पाय अडतात त्या दारांत ते पक्के चिकटवले. तुमच्याशी बोलतेय तो प्रताप नगरातला तुकडा, दोन लाल पट्टे, मारोतरावांच्या स्वयंपाकघराच्या दारातला. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. गेल्या वर्षीपेक्षा हात जास्त कापतो. पण रोज पहाटे ते येतात, दारात थांबतात, माझ्याकडे बघतात आणि पट्टा ओलांडून चहा ठेवतात. अर्धा कप सांडतो.

दिवाळीला मुलगा अश्विन आणि सून मुंबईहून येणार आहेत. सुनेने मखमली पायपुसणं आधीच पाठवून दिलंय, एकरंगी. ते कपाटावर आहे. घर खुशाल सजवा, पाहुण्यांचं स्वागत करा, मला कोणी वाईट म्हणालं तरी चालेल. फक्त या दारातून मला उचलू नका. मारोतराव सांगतील तुम्हाला, पण त्यांचा आवाज बारीक आहे. म्हणून मी बोलले.