बिनठोकळ्याची रायफल

मी एक रायफल बोलतेय. एका वेळी एकच गोळी घेणारी, आणि सध्या तीही न घेणारी. कारण नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळाच माझ्यात नाही.

अमेरिकेत, मॉन्टानातल्या लिंडाल कुटुंबात मी तीन पिढ्या काढल्या. एइनारच्या आजोबांनी मला आणलं तेव्हा माझा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता नुसता चमकत होता. एइनार नेम धरायला शिकला तो माझ्यावरच.

मग त्याचा धाकटा भाऊ गोठलेल्या तळ्यात बुडाला. त्या हिवाळ्यात एइनार मला मांडीवर घेऊन कोठारात तासन् तास बसायचा. शिकारीसाठी नव्हे. त्याच्या तळहाताचा घाम मला जाणवायचा आणि भीती वाटायची. एका सकाळी त्याची बायको अर्डिस आली, माझी खीळ ठोकून काढली, ठोकळा ॲप्रनमध्ये गुंडाळला आणि गाडीत बसून कुठेतरी गेली; परतली ती रिकाम्या हातानं. त्याचं तिनं काय केलं, मला ठाऊक नाही. एइनारनं कधी विचारलं नाही. मी कोठारातच पडले. दस्त्याला चीर गेली, नळीवर गंज चढला.

यंदा पानगळीत, कित्येक वर्षांनी, एइनार डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतला. दोन दिवस धड जेवला नाही की बोलला नाही. मग थेट कोठारात आला आणि मला पुसू लागला. अर्डिस दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मलाही धडकी भरली.

बंदुका दुरुस्त करणारा डेल्बर्ट घरी आला. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. त्यानं नळीत दिवा धरून पाहिलं, दस्ता ठोकून पाहिला.

"नळी आतून अजून छान आहे," तो म्हणाला. "पण ठोकळा नाही, म्हणजे अर्धा जीवच नाही हो. सुटे भाग विकलेत तर आजच्या आज गिऱ्हाईक आणतो. नळी एकाला, दस्ता दुसऱ्याला."

"आणि दुरुस्त केली तर?" एइनारनं विचारलं.

"दुसरा ठोकळा शोधायचा, घासून घासून बसवायचा. वर्ष जाईल. लागेल तेवढा खर्चही निघणार नाही. फायद्याचं म्हणाल तर सुटे भागच."

मला वाटलं, संपलं.

"मग वर्षभराचं कामच धरू," एइनार म्हणाला.

कॉफी ओतता ओतता अर्डिसचा हात थांबला. "कशाला हवीये ती तुला? खरं सांग."

"डोळे चाललेत, अर्डिस. घरात बसून बसून मला वेड लागेल. डेल्बर्टच्या दुकानात बसायला काहीतरी निमित्त नको? घासायला बोटं पुरतात."

"ठोकळा मी काढला होता."

"माहितीये. खिडकीतून बघत होतो."

"मग अडवलं का नाहीस?"

"अडवायचं नव्हतं."

अर्डिस खाली बसली. मग म्हणाली, "नवा ठोकळा डेल्बर्टकडेच राहील. घरात येणार नाही. आणि तुला तिथे मीच सोडणार, मीच आणणार."

"सोड की. नाहीतरी आता मला गाडी कोण चालवू देतंय?"

डेल्बर्ट खाकरला. "दुकानात कॉफी मात्र भिकार मिळेल हं."

आता मी डेल्बर्टच्या दुकानात, टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळलेली असते. दर मंगळवारी एइनार येतो, चाचपून कानस उचलतो, माझ्या कडेवरून बोट फिरवतो आणि अर्डिसच्या नावानं कुरकुरतो. ती बाहेर गाडीत विणत बसते. एखाद्या मंगळवारी त्यांना उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो. रस्त्यावर बर्फ असेल, की पुन्हा तो गप्प झाला असेल?

परवा डेल्बर्ट एइनारला म्हणाला, "आजोबा, जोर लावला तर वसंतापर्यंत होईल."

नको रे बाबांनो. मला पुरी करायची घाई करू नका; मग याचे मंगळवार संपतील. थोडं हळूच घासा.