पावणेनऊ इंचांची वीत

कॉफीचा मग धरला की एमेटच्या उजव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांपासून किंचित दूर राहायची. अंतर फार नव्हतं, एखादं जाड नाणं उभं सरकेल एवढंच. त्याच्या आईच्या, रोवेना कोवाचच्या, ते नाताळातच ध्यानात आलं होतं. आधी ही करंगळी अशी नव्हती, आणि डाव्या हाताची अजूनही नव्हती. पण राज्याच्या वजनमाप प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढल्यावर एक सवय अंगात मुरते. एका निरीक्षणावरून काही बोलायचं नाही. शिवाय नाताळात घरात बोलायला दुसरा विषय होता, आणि तो एकच होता.

एमेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा. बॉल त्याच्या हातातून सुटल्याशिवाय टीमचं पान हलत नसे. आता प्रश्न असा होता की त्यानं कॉलेज सोडून एप्रिलच्या ड्राफ्टला नाव द्यायचं, म्हणजे व्यावसायिक लीगच्या टीम आळीपाळीनं पोरं निवडतात तिथं उभं राहायचं, की शेवटचं वर्ष कॉलेजकडूनच खेळायचं. नाव दिलं की परतीचा रस्ता बंद. शेवटच्या फेऱ्यांत कुणी उचललं तर एखाद्या टीमच्या बाकावर बसून राहायचं, नाही उचललं तर घरी. मुदत सोमवारी संपत होती. आज रविवार होता. एमेटला कुणी विचारलं की तो "बघू" म्हणायचा आणि फ्रिज उघडायचा.

ऑगस्टमध्ये हे सगळं सोपं वाटलं होतं. ड्राफ्टच्या अभ्यासकांचं एक जाडजूड वार्षिक निघतं, त्यात एमेटला पहिल्या फेरीची ग्रेड मिळाली होती. लाइलनं, म्हणजे त्याच्या बापानं, ते पान तो कामाला होता त्या बोटीवरच्या सगळ्या सोबत्यांना दाखवून त्याच्या कडा काळ्या केल्या होत्या. मग ऑक्टोबरात कुठूनसा एक आकडा बाहेर फुटला. एमेटच्या हाताची वीत पावणेनऊ इंच. त्या दिवसापासून ग्रेड जी घसरायला लागली ती थांबली नाही. डिसेंबरात लीगच्या सल्लागार मंडळाचं उत्तर आलं: कॉलेजात राहा. त्यांच्याकडे तीनच उत्तरं असतात आणि हे सगळ्यात खालचं.

दुपारी चर्चहून परस्पर हॉलिस मर्कल आले. एमेटला शाळेत बॉल फेकायला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी टीमसाठी पोरं हेरणारी माणसं त्यांना अजून फोन करत, आणि त्या फोनांवर मर्कल तरुण राहिले होते. कोट न काढताच ते टेबलाशी बसले.

"सात टीमच्या माणसांशी बोललो," ते म्हणाले. "सातांपैकी सात, रोवेना. एकच आकडा. पावणेनऊ."

"मग आता काय, शिक्का मारून आणलात?" रोवेनानं त्यांच्यापुढे चिकन पाप्रिकाशची ताटली ठेवली. जरा जोरातच.

"माझ्यावर कशाला चिडतेस? नियम मी नाही केला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत नऊ इंच पाहिजेत. त्याच्या खाली क्वार्टरबॅक कुणाला नको असतो. थंडीत बॉल हातातून सुटतो म्हणतात."

"सुटला का?"

"तसं नाही गं..."

"कोच, मी सरळ विचारतेय. ह्या मोसमात दोन सामने बर्फात झाले. दोन्ही वेळा मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते, माझे पाय अजून गरम झाले नाहीत. याच्या हातातून बॉल सुटला?"

"नाही."

"मग?"

मर्कलनी डम्पलिंगचा तुकडा रश्शात फिरवला. "मग काय. सुटेल म्हणतात."

लाइल कपात तोंड घालून हसला. रोवेनाला हसू आलं नाही. आतून तापत चाललं की तिचा आवाज बारीक होई आणि हात ओटा पुसायला लागत. ओटा स्वच्छच होता.

"सातही जणांनी स्वतः मोजला?"

"सातही जणांच्या अहवालात आहे."

"ते नाही विचारलं मी."

मर्कलनी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"मी रोज हेच करते," रोवेना म्हणाली. "पोलादाची एकच कांब तीन माणसांच्या हातात देते. तीन आकडे येतात. अगदी केसाएवढा फरक, पण येतोच. ती तर निर्जीव कांब. हात जिवंत असतो. सकाळी आखडलेला, संध्याकाळी सैल. सात जणांनी खरोखर मोजला असता तर निदान तीन-चार वेगळे आकडे आले असते. सातांचा एकच आकडा कधी येतो सांगू? एकानं मोजलं आणि सहांनी उतरवून घेतलं, की येतो."

"तुझ्या लॅबमधलं लॅबमध्ये ठेव. ही माणसं तीस-तीस वर्षं पोरं बघतायत."

"बघतायत ना? मग मोजायला काय धाड भरली?"

"रो," लाइल हळूच म्हणाला.

"काय रो! कसायाचा काटा पौंडामागे औंसभर कमी दाखवायला लागला तर आमचे लोक दुकानात जाऊन लाल पट्टी लावतात. काटा बंद. कसाई कितीही जुना असू दे. आणि इथं माणूस मोजायचा, तर एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. आणि आपण म्हणायचं, काय करणार, तज्ज्ञ आहेत!"

"नुसता हात नाहीये," मर्कल आता इरेला पेटले. "पकड ढिली आहे असं लिहिलंय. ओल्या मैदानावर बिचकतो असं लिहिलंय. चौघांनी लिहिलंय."

"कधी लिहिलंय? हा आकडा त्यांना कळायच्या आधी की नंतर?"

मर्कलचा काटा ताटलीवर थांबला. ते आठवत होते, आणि आठवत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"नंतर," ते म्हणाले.

"झालं तर. आधी पावणेनऊ वाचायचं आणि मग ढिली पकड शोधायला जायचं. सापडणारच. मला कुणी सांगितलं की तुम्ही लंगडता, तर उद्या मलाही दिसेल."

इतका वेळ एमेट मान खाली घालून जेवत होता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं. रोवेनानं ड्रॉवरमधून पोलादी पट्टी काढली. प्रयोगशाळेनं जुनी म्हणून काढून टाकली होती, स्वयंपाकघराला ती अजून शंभर वर्षं पुरली असती.

"हात दे."

"मॉम, नको ना."

"एमेट. हात."

त्यानं बोटं पुसली आणि हात टेबलावर पसरला. ती वाकली, पट्टी लावली, पाहिलं, आणि काहीच न बोलता पट्टी नवऱ्याकडे दिली. "तू मोज. आकडा मोठ्यानं म्हणू नकोस, मनात ठेव. मग कोचना दे."

लाइलनं चष्मा शोधला. मर्कलनी दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा श्वास रोखून.

"आता सांगा."

"सव्वानऊ," लाइल म्हणाला. "किंचित कमीच, पण सव्वानऊ."

"मला थोडं वर वाटलं," मर्कल म्हणाले. "सव्वानऊच्या वर."

"मला बरोबर सव्वानऊ. बघा, तीन माणसं आणि तीन आकडे. ह्याला मोजणं म्हणतात."

मर्कल पट्टीकडे बघत राहिले. "अर्धा इंच? ह्या वयात हात वाढतो होय?"

रोवेना मात्र पट्टीकडे बघत नव्हती. हात उचलून घेतला तरी करंगळी तशीच जरा वेगळी उभी होती.

"तुला पहिल्यांदा मोजलं ते कधी?" तिनं विचारलं.

"गेल्या मार्चमध्ये. सगळ्या टीमची माणसं आली होती. रांगेत उभं केलं होतं. एकानं मोजलं, ओरडून सांगितलं, बाकीच्यांनी लिहून घेतलं."

"आणि करंगळीला काय झालं होतं?"

एमेटनं बापाकडे पाहिलं, मग कोचकडे. "निखळली होती. आदल्या आठवड्यात, सरावात. शेजारच्या बोटाला बांधून ठेवली होती. आत जायच्या आधी बांधलेलं सोडलं. पण बोट उघडेना. जेवढं उघडलं तेवढं मोजलं त्यांनी."

"सांगायचं नाही?"

"दुखापत लिहितात ना मग. दुखापत लिहिली की ग्रेड उतरते. सगळेच लपवतात, मॉम."

"बरोबर केलंस," मर्कल सवयीनं बोलून गेले.

"बरोबर केलं?" रोवेनाचा आवाज आता इतका बारीक झाला की लाइलनं खुर्ची थोडी मागे घेतली. "पोराचं बोट जाग्यावर नाही आणि ते लपवायला तुम्ही त्याला शिकवलंत. म्हणून बोट उघडलं नाही. म्हणून हात लहान ठरला. म्हणून पकड ढिली ठरली. आणि आता सातजण म्हणतात म्हणून खरं! काय अक्कल आहे तुम्हा लोकांची! घोडा विकत घेणारा माणूससुद्धा आधी त्याचं तोंड उघडून बघतो."

पण मर्कलना लागलंच नाही. त्यांनी एव्हाना फोन काढला होता, डोळे चमकत होते. "अगं, भांड नंतर. व्हिडिओ काढू. हात आणि पट्टी, दोन्ही दिसली पाहिजेत. संध्याकाळपर्यंत सातही जणांच्या फोनवर. नऊच्या वर गेला की खेळच बदलला. दुसरी फेरी कुठं गेली नाही. पहिलीसुद्धा!"

"मी म्हणतच होतो," लाइल उठला. "उद्या सकाळी नाव देऊन टाकू. पुढच्या वर्षी खेळताना गुडघा गेला म्हणजे?"

"पाठवा," रोवेना म्हणाली. तिचे गाल पेटले होते. "आणि खाली लिहा, पट्टी तपासलेली आहे. लिहा, की मोजायचं कसं हे शिकायचं असेल तर..."

"थांबा जरा," एमेट म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नव्हता. पण आठवडाभरात ह्या विषयावर "बघू" सोडून त्यानं आपणहून काढलेला हा पहिलाच शब्द होता, म्हणून तिघंही थांबले.

"आता माझा हात मोठा झाला. म्हणजे मी चांगला?"

"तू चांगला होतासच," रोवेना म्हणाली.

"कोण म्हणालं? ते ऑगस्टचं पुस्तक? ते आलं तेव्हा तू विचारलंस का, हे कुणी मोजलं, कसं मोजलं? तू केक आणलास, मॉम. वर साखरेचा बॉल होता."

रोवेनाच्या हातातलं फडकं थांबलं. त्या पुस्तकाच्या लेखकानं एमेटला समोरासमोर कधी पाहिलंय का, हे तिला आजही ठाऊक नव्हतं. तेव्हा आकडा आवडला होता. आवडलेल्या आकड्याला तिनं पट्टी लावली नव्हती.

"त्या सगळ्या कागदांत," एमेट पुढे म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज आईसारखाच बारीक होत चालला, "एकानं तरी लिहिलंय का, की डावीकडून कुणी अंगावर आलं की माझी नजर खाली जाते? पुढे आपला माणूस मोकळा उभा असतो, हात वर करून, आणि मला तो दिसतच नाही. मी येणाऱ्या माणसाचे पाय बघत बसतो."

मर्कलनी फोन टेबलावर ठेवला. "तू? कधीपासून?"

"आधीपासूनच असेल. डावीकडे ब्रॅनॉक उभा असायचा ना अडवायला, तो दार बंद केल्यासारखा उभा असतो. अंगावर कुणी यायचंच नाही. तो दुखापतीनं बसला त्या दोन सामन्यांत कळलं मला. तिकडं वर, लीगमध्ये, तर दर खेळीला येतील."

"त्या सामन्यांना तर सगळे हजर होते," मर्कल पुटपुटले. "मीही होतो."

"सगळे माझ्या हाताकडे बघत होते, कोच."

रश्शावर साय धरली होती. रोवेनाला वाटलं, आपण ओरडायला हवं, पण कुणावर, ते आता पूर्वीइतकं स्पष्ट नव्हतं. ती त्या दोन्ही सामन्यांना होती. एमेट पडला की तिला फक्त तो उठतोय की नाही एवढंच दिसायचं.

"चुकीचा आकडा चुकीचाच," ती शेवटी म्हणाली. "तो मी दुरुस्त करून घेणार. तू काहीही ठरव. मार्चात पुन्हा मोजतील तेव्हा मी तिथं उभी राहीन, मग ओरडेनात का."

"उभी राहा," एमेट म्हणाला. "पट्टी घेऊन ये."

"आणि गुडघा?" लाइलनं विचारलं. त्याच्या आवाजातली सगळी हवा गेली होती. तो अजून उभाच होता. "गेला तर?"

"तेव्हा गुडघ्याची ग्रेड देतील, डॅड."

लाइल हसला नाही, पण बसला.

एमेट उठला आणि सवयीप्रमाणे त्यानं फ्रिज उघडला. आतला उजेड त्याच्या तोंडावर पडला. आत अक्रोडाचा रोल होता, नाताळातला उरलेला, रोवेनानं त्याच्यासाठीच ठेवलेला. त्याच्याकडे तो थोडा वेळ बघत राहिला, मग काहीही न घेता त्यानं दार लावलं आणि तिघांकडे वळला.

"मी कॉलेजात राहतोय," तो म्हणाला. "त्या मंडळानं सांगितलं म्हणून नाही."