खुर्ची पुन्हा बिघडवताना

आत्याच्या घरी पोचून दोन दिवस झाले नाहीत तोच माझी नावडीची यादी वहीचं एक पान ओलांडून गेली. उशी इतकी फुगीर, की झोपलं तरी बसल्यासारखंच वाटावं. दिव्याची बटणं उलटी, खाली दाबलं की अंधार. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही, म्हणून आत असेपर्यंत मोठ्याने गात राहायचं. "गाता येत नसेल तर पाढे म्हण," आत्या म्हणाली, "तुझे काका एकोणतीसचाच म्हणतात, तोही चुकीचा." भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे. ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सगळे मनातल्या मनात बारा वजा करतात. मग पुढे ठेवायचं तरी कशाला? आणि रोज सकाळी पेलाभर दूध, वर जाडजूड साय. ती साय दिसली की माझा घसा दार लावून घेतो.

यातलं एक अक्षरही मी बोलले नाही. आत्या मला लाडाने टाचणी म्हणते. ती विचारायची, "टाचणे, काय आवडतं गं तुला?" आणि मी म्हणायची, "काहीही चालेल." मी! जिने दोन महिन्यांपूर्वी चारशे मुलांसमोर कागद न धरता सात मिनिटं भाषण ठोकलं ती! त्याआधी वर्गात माझी हजेरीसुद्धा शेजारची मैत्रीण द्यायची. त्या सात मिनिटांनंतर वाटलं होतं, आता आपण जगात कुठेही जाऊन काहीही बोलू शकतो. एकटीने आठ तासांचा बसप्रवास केला तेव्हाही तसंच वाटत होतं. परक्या घराचा उंबरा ओलांडला आणि सगळी हवा फुस्स.

कारणही तसंच होतं. आत्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर एक शाळा आहे आणि त्या शाळेत लाकूडकामाची खरीखुरी कार्यशाळा आहे. लेथ आहे, करवतयंत्र आहे. माझे बाबा सुतार, खुर्च्या-टेबलं दुरुस्त करतात, आणि रंधा मला पेन्सिलीच्या आधी धरता यायला लागला. आमच्याकडची शाळा या वर्षी संपते. पुढची दोन वर्षं मला इथे शिकायचं होतं, म्हणजेच दोन वर्षं आत्याकडे राहायचं होतं. आत्या तयार. काका म्हणाले, "आधी पंधरा दिवस राहून बघ. रुळतेस का ते कळेल, आणि अण्णांनाही विचारायला हवं."

अण्णा म्हणजे काकांचे वडील. मी त्यांना आजोबा म्हणते. चौतीस वर्षं बसकंडक्टर होते. उंच, ताठ, आणि दिवसाकाठी पंधरा शब्द बोलणार. "ओरडून ओरडून आवाजाचा कोटा संपला," असं काका म्हणतात. आजोबा दिवसभर आपल्या हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसलेले. आणि ती खुर्ची! माझ्या यादीत पहिला नंबर तिचा. ती डगमगायची. आजोबा जरा हलले की फरशीवर खट. पुन्हा हलले की खट-खट. सुताराच्या पोरीपुढे डगमगती खुर्ची म्हणजे गवयापुढे बेसूर पेटी. माझे दात शिवशिवायचे. घरातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं याचं मला जास्त आश्चर्य.

निघताना बाबांनी बजावलं होतं, "कारागीर, परक्या घरी पहिले चार दिवस हात खिशात. नुसतं बघायचं." मी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी आजोबा केस कापायला गेले, आत्या पोस्टात तिच्या काउंटरवर, काका त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात. घरात मी आणि ती खुर्ची.

मी ती उलटी केली. दुखणं साधंच निघालं: पुढचा उजवा पाय बाकीच्या तिन्ही पायांपेक्षा किंचित लांब. माझ्या पिशवीत बाबांनी दिलेला हातभर लांबीचा रंधा आणि पॉलिशपेपर होताच. पाय तासला, घासला, चारही पायांखाली जाड लोकरी कापडाच्या चकत्या चिकटवल्या. खुर्ची सरळ केली, वर चढून नाचले. हू की चू नाही! बाबा दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली पेन्सिलीने तारीख आणि 'दुरुस्त' असं लिहितात. मीही लिहिलं. मग चकाचक फरशीवर बसून वाट बघत राहिले, की आता हे सगळे आले की माझं किती कौतुक होईल, आणि आजोबा म्हणतील, पोरगी राहू दे रे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. आजोबा खुर्चीत टेकले. जरा मागे झाले, जरा पुढे झाले. खाली वाकून पायांकडे बघितलं.

"मी दुरुस्त केली!" मी म्हणाले. "आता अजिबात डगमगत नाही."

"अरे वा," काका म्हणाले.

"छान केलंस गं," आत्या म्हणाली.

आणि मग कुणी जेवेचना. ताटं वाढलेली, वाफा निघतायत, आणि तिघेही हात मांडीवर ठेवून बसलेले. काकांनी एकदा घास उचलला, परत ठेवला, इकडेतिकडे बघितलं. शेवटी आत्या म्हणाली, "जेवायचं ना?" असं, जणू तिचं स्वतःचंच घर नव्हे. मग तिने आजोबांच्या ताटात भात वाढायला घेतला तो वाढतच राहिली. डोंगर झाला. आजोबांनी आत्याकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं आणि गुमान खाल्ला. सगळा. जेवण झाल्यावर टीव्ही लागला तो बंदच होईना. कुठल्याशा मशागतीच्या यंत्रावरचा कार्यक्रम आम्ही चौघांनी शेवटपर्यंत बघितला. कुणालाही तो बघायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा खुर्चीत बसलेच नाहीत. आपल्या पलंगाच्या कडेला बसून राहिले, बस चुकलेल्या माणसासारखे.

मी काकांना दारात गाठलं. ते दुकानात निघाले होते. "काका, आजोबा माझ्यावर रागावलेत का?"

"छे गं." त्यांनी चष्मा पुसला. घाबरले की ते चष्मा पुसतात, दिवसाला शंभर चष्मे हाताळूनही. "अगं, मलाही काल रात्रीपर्यंत कळलं नव्हतं. आडवा झालो आणि डोक्यात उजेड पडला. अण्णा कंडक्टर ना. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला."

"हो. मग?"

"मग खुर्ची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. खट-खट झाली की जेवायला सुरुवात. वाढताना खट झाली की पुरे. टीव्ही, खट. काका कामाला निघाले, खट-खट. गेली कित्येक वर्षं हे घर त्या खुर्चीवर चालत होतं आणि घरच्यांना ते ठाऊकही नव्हतं, जसं आपल्याला आपलं नाक दिसत नाही. आणि मी आले चौथ्या दिवशी, रंधा घेऊन.

"आम्ही कुणी तुला सांगितलं नाही," काका म्हणाले, "आम्हालाच माहीत नव्हतं तर काय सांगणार!" ते हसले आणि दारात उभे राहिले. निघेचनात. खट-खटची वाट बघत होते बिचारे.

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, डगमगणारी खुर्ची कशी करायची?"

"नीट कशी करायची ते तुला येतं की."

"नीट नाही. डगमगणारी. मुद्दाम."

पलीकडे रंधा चालू होता तो थांबला. "बरी आहेस ना तू?"

मी सगळं सांगितलं. "चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "तुला म्हटलं होतं ना, चार दिवस हात खिशात?"

"कालच्या कपड्यांना खिसे नव्हते."

"हं. ऐक. जो पाय तासलास त्याला हात लावू नको. त्याच्या शेजारचा तास. अगदी थोडा. तासायचं, बसवायचं, ऐकायचं. जास्त गेलं तर परत लावता येत नाही. आणि कारागीर, आधी ज्याची खुर्ची आहे त्याला विचार. हे तू पहिल्या वेळीच करायला हवं होतंस."

चारशे मुलांसमोर बोलणं सोपं असतं. एका आजोबांसमोर बोलायला मला खोलीच्या दारातून पलंगापर्यंत यायलाच किती वेळ लागला.

"आजोबा, मी तुमची खुर्ची बिघडवली."

"दुरुस्त केलीस."

"तेच ते. न विचारता केली. तुम्हाला मी आवडावी म्हणून केली. मला इथे राहायचंय, दोन वर्षं, आणि मला इथलं सगळं खटकत होतं, आणि ते बोलता येत नव्हतं, तर म्हटलं निदान एक गोष्ट तरी..." भाषणात अशा जागी मी एक कविता घातली होती.

आजोबांनी पलंगावर थोडं सरकून जागा दिली. मी बसले. मग त्यांनी आठवडाभराचा कोटा एकदम खर्च केला.

"चुकीच्या गाडीत बसलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. तो खिडकीबाहेर बघत नाही, दाराकडे बघतो. तिकीट विचारायच्या आधी त्याला विचारायचं असतं, कुठे जायचंय. मी तुला विचारलं नाही. चूक माझीही आहे." जरा थांबून म्हणाले, "त्या कुंडीतल्या झाडाला दूध पचत नाही."

मी लाल झाले असणार. साय असलेलं दूध तीन दिवस कुठे जात होतं ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

"मला साय नाही आवडत," मी म्हणाले. जोरात. न्हाणीघरात गातात तितक्या जोरात.

"मलाही नाही," आजोबा म्हणाले. "पण मला खट करता यायची."

मग आम्ही दोघांनी खुर्ची मधोमध आणून उलटी केली. चकत्या मी नखांनी खरवडून काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चांगली खुर्ची जाणूनबुजून वाईट करत होते आणि बाबा दाराआडून बघताहेत असंच वाटत होतं. एक कीस काढला. सरळ केली. आजोबा बसले, हलले. काहीच नाही. अजून एक कीस. टक.

आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "हे टक झालं. आपली खट होती."

"मला ऐकू आली की खट," काका म्हणाले. ते दुकानात न जाता दाराशीच रेंगाळत होते.

"तुम्हाला एकोणतीसचा पाढाही बरोबर वाटतो."

मी पुन्हा रंधा फिरवला. पुन्हा टक. पॉलिशपेपरने चार हात. सगळे श्वास धरून उभे, जसं काही कुणाचं ऑपरेशन चाललंय. आजोबा बसले. मागे रेलले.

खट.

आत्याने टाळी वाजवली. आजोबांनी मला हाताने खूण केली, म्हणजे पुन्हा उलटी कर. खिशातून आखूड पेन्सिल काढून दिली, कंडक्टर कानावर ठेवतात तशी. मी माझ्या 'दुरुस्त'च्या खाली 'पुन्हा बिघडवली' लिहिलं आणि तारीख घातली. आजोबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. माझं अक्षर फार छान आलं होतं.

त्या दिवशी आत्याने पोस्टात रजा टाकली आणि दुपारी काका दुकान उशिरा उघडायचं ठरवून घरीच जेवायला बसले. आत्याने वाढायला घेतलं. काकांनी घसा खाकरला. "अण्णा, हिच्या शाळेचं काय करायचं? दोन वर्षं आपल्याकडे राहील म्हणते."

खट.

माझ्या हातातला चमचा ताटात पडला. एक म्हणजे थांबा. एक म्हणजे नको. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात पाहिलं तर आजोबा आत्याच्या हातातल्या भाताच्या डावाकडे बोट दाखवत होते. त्यांच्या ताटात पुन्हा डोंगर व्हायला लागला होता.

"अगं बाई, पुरे होय!" आत्याने डाव मागे घेतला.

आजोबा माझ्याकडे वळले. आरामात, गाडीत सगळे नीट बसलेत ना हे बघून घ्यावं तसं त्यांनी टेबलाभोवती बघितलं. मग पुढे झाले, मागे झाले.

खट-खट.

काकांनी लगेच घास उचलला. आत्या माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "जेव आता, टाचणे. काय वाढू?"

"कमी वाढ," मी म्हणाले. "आणि आत्या, मला ती उशी बदलून हवी."