दुरुस्तीचं गाऱ्हाणं

हळर्णात गाऱ्हाणं घालायचा मान जयराम गावकरांचा. देवीपुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि गावाचं म्हणणं खणखणीत आवाजात तिच्या कानावर घालायचं. प्रत्येक वाक्यासरशी मागच्या मंडळींनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, म्हणजे मागणं एकट्याचं न राहता सगळ्यांचं होतं. कुणाचं लग्न अडलेलं असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, कुणाला दुबईचा व्हिसा हवा असो, जयराम बोलले की काम होतं असा गावाचा समज होता. जयरामांचा तर तो गावापेक्षाही पक्का होता.

त्या दिवशीचं गाऱ्हाणं मात्र त्यांच्या घरचंच होतं. त्यांची नात सोनाली भारताच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. सामना परदेशात होता आणि मोठ्या आशियाई स्पर्धेत शिरायचं तर तो जिंकणं भाग होतं. बरोबरी झाली तरी गाशा गुंडाळून घरी. पण जयरामांना त्या स्पर्धेचं विशेष काही नव्हतं. आधीच्या सामन्यात सोनालीच्या हातातून एक साधा बॉल निसटून जाळ्यात गेला होता आणि त्यावरून मोबाइलवर लोकांनी तिला नाही नाही ते ऐकवलं होतं. जयरामांनी ते वाचलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, कमलाक्षीने वाचलं आणि तिच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हापासून सोनाली फोनवर "बरी आसंय" एवढंच बोलायची. एरवी जिच्या हसण्याने फोन कानापासून लांब धरावा लागे, ती पोर पार मिटून गेली होती.

म्हणून सकाळी नारळ ठेवून जयरामांनी पोटतिडकीने मागितलं, "आई सातेरी, आज त्या मैदानार काय जावचा ता जाव दे, पण जाळ्यात बॉल म्हणान जावक नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दुमदुमलं. सगळ्यात मोठा आवाज रुद्रेशचा होता. हा रुद्रेश गोव्याच्या एसटीची, म्हणजे कदंबाची बस चालवतो आणि सुटीच्या दिवशी गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. सोनालीला हातमोजे पहिल्यांदा त्यानेच घालायला दिले. फुटबॉलमधलं त्याला सगळं कळतं, पण देवीपुढे उभा राहिला की त्याचंही डोकं बंद पडतं. हे जरा लक्षात घ्या, कारण नंतर त्याने जो थयथयाट केला तो पाहण्यासारखा होता.

दुपारी देवळाच्या मंडपात टीव्ही लागला. सगळा गाव लोटला होता. कुणी उंडे पाव आणले, शेजारच्या मालतीने पातळ भाजीचा टोप आणला, आणि ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही अशी म्हातारी माणसं पुढच्या खुर्च्या अडवून बसली. भारताच्या मुली निळ्या, समोरच्या पिवळ्या. सोनाली पडद्यावर दिसली की सगळे टाळ्या वाजवत. तिचा चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा होता.

पिवळ्यांनी बॉल मारावा आणि सोनालीने अडवावा, असं चाललं होतं. एक तर दांड्याला लागून परत आला. जयराम मिशीला हात लावून हळूच आजूबाजूला पाहत होते, कोण पाहतंय का म्हणून. मध्यंतर झालं, पुन्हा खेळ सुरू झाला. आता निळ्या मुलींनी हल्ला चढवला. कप्तान एकटीच पुढे गेली, समोर फक्त गोलकीपर, आणि तिचा बॉलही दांड्याला लागून बाहेर! थोड्या वेळाने दुसरीचा अगदी रेषेवरून पिवळीने मांडीने अडवला. मंडपातली माणसं डोक्याला हात लावून बसली.

सामना संपत आला तरी शून्य-शून्यच. आणि एकदम रुद्रेश ताडकन उभा राहिला.

"जयरामकाका, सकाळी तुमी नेमका काय मागलास?"

"जाळ्यात बॉल जावक नको म्हणान."

"कोणाच्या जाळ्यात?"

जयरामांचा हात मिशीवरून खाली आला. मंडपात आता टीव्हीवरचा माणूस एकटाच हिंदीतून ओरडत होता.

"दोनय जाळी बंद केलास ओ तुमी!" रुद्रेशने कपाळ बडवून घेतलं. "देवी बिचारी दोनीकडे राखण करता! बरोबरी झाली तर आमी भायर!"

मग काय विचारता! जो तो उठून बोलू लागला. इतका वेळ जयरामांमुळे सोनाली वाचली म्हणणारे आता जयरामांमुळे देश बुडाला म्हणू लागले. जयरामही काही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. "तुमी सगळे व्हय म्हाराजा म्हटलास मां? रुद्रेशा, तुझो आवाज तर सगळ्यांच्या वयर होतो!"

"आता भांडान काय उपेग?" मालती पळीसकट पुढे आली. "दुरुस्ती करा. आमचा जाळा बंद ठेय, त्येंचा उघड, असा सांगा म्हणजे झाला."

जयरामांनी मान हलवली. तसं चालत नाही, हे त्यांनीच आजवर सगळ्यांना शिकवलं होतं. मागणं परत घ्यायचं तर सगळं परत घ्यायचं. सोयीचं तेवढं ठेवून बाकीचं बदलायचं म्हणजे देवीशी चलाखी. दोन वर्षांपूर्वी एका सावकाराला त्यांनी याच कारणासाठी देवळातून परत पाठवलं होतं. म्हणजे देवीने हात काढायचा तर दोन्ही जाळ्यांवरून काढायचा. सोनालीच्याही.

पडद्यावर पोर गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. पुन्हा बॉल सुटला तर? पुन्हा ते मोबाइल, पुन्हा तो कोरडा आवाज. जयरामांनी कमलाक्षीकडे पाहिलं. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "ती थय जिंकाक गेल्ली आसा. लपाक नाय."

जयराम उठले. मालतीने देवळातला नारळ हातात दिला. सगळा गाव टीव्हीकडे पाठ करून देवीकडे वळला.

"आई, सकाळी मी घाबरान मागलंय. नातीपुरता बघलंय, चूक पदरात घे. माझा मागणा मी अख्खाच्या अख्खा परत घेतंय. जाळी उघडी कर, दोनय. मगे आमच्या चेडवांची ताकद आनी तुझो आशीर्वाद, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मंडळी वळून बसतात न बसतात तोच पिवळ्या पोरीने लांबून बॉल मारला, सोनालीच्या बोटांना लागला आणि जाळ्यात गेला.

कुणी जयरामांकडे बघेना. मेलं ते गाऱ्हाणं आणि मेली आपली जीभ, असं त्यांना झालं. पण रुद्रेश ओरडला, "बघा, बघा तिच्याकडे!" सोनाली जाळ्यातून बॉल काढून स्वतः मध्यावर धावत निघाली होती. हात वर करून सगळ्या मुलींना हाका मारत होती. घाबरलेली पोर अशी धावत नाही.

त्यानंतर जे झालं ते हळर्णातला प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो, पण गोलांबद्दल एकमत आहे. कप्तानने पुढच्याच हल्ल्यात बरोबरी केली. अगदी शेवटी कोपऱ्यावरून मारायचा एक बॉल निळ्यांना मिळाला, आणि सोनाली आपलं जाळं उघडं टाकून तरातरा पिवळ्यांच्या गोलापुढे जाऊन उभी राहिली.

"ही खय चल्ली?" जयराम किंचाळले.

ती पडली सगळ्यांत उंच. बॉल येताच ती उडाली आणि तिला अडवायला पिवळ्या पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या. बॉल त्यांच्या डोक्यांवरून मागे गेला. तिथे निळ्यांमधली सगळ्यांत बुटकी मुलगी एकटीच उभी होती. तिने नुसता पाय लावला. गोल!

मंडप उठला. पण पंचाची शेवटची शिट्टी काही होईना, आणि पिवळ्यांनी मध्यावरूनच बॉल सरळ मोकळ्या जाळ्याकडे हाणला. नुकतीच मध्यापाशी परतलेली सोनाली जाळ्याकडे पळत सुटली. "धाव गे, धाव!" अख्खा गाव टीव्हीला सांगत होता. मालती पळीने दिशा दाखवत होती. बॉल टप्पे घेत रेषेपाशी पोचला आणि सोनालीने त्याच्यावर अंग टाकलं. शिट्टी झाली.

जयरामांना कोणी उचललं, कोणी गुलाल फासला, त्यांना कळलं नाही. रुद्रेश लहान पोरासारखा हुंदके देत होता. देवळाची घंटा थांबायचं नाव घेईना आणि भाजीच्या टोपात कुणाचा तरी चष्मा पडला.

दिवेलागणीला फोन आला. जयरामांनी तो हातात घेतला खरा, पण शाबासकी देण्याऐवजी तोंडून निघालं, "बाय, तो गोल तुझ्यावर गेलो तो माझ्यामुळे. मी गाऱ्हाणा परत घेतलंय." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मग सोनाली म्हणाली, "आजो, सगळो खेळ माका एकच भ्या होता, गोल गेलो तर काय. आनी गेलोच! मगे माझ्या मनात इला, आता आनी काय जातला? हात एकदम हलके झाले. नायतर जाळा सोडून मी पुढे गेलंय असतंय?"

"म्हणजे माझ्यार राग नाय मां?"

"राग? सकाळी तुमी माका कुलपात घातलास, सांजचा सोडलास!"

आणि ती हसली. असं हसली की जयरामांना फोन कानापासून लांब धरावा लागला. कमलाक्षीने तो ओढून घेतला आणि पदर डोळ्यांना लावून ती नुसती ते हसणं ऐकत राहिली.