आढ्याची सावली

नाताळ तोंडावर आला तरी अंगुस्तियासचे टोमॅटो हिरवेच होते. सगळे नव्हेत. दक्षिणेकडच्या ओळी तेवढ्या रुसलेल्या.

"चुना राहिलाय गं प्लास्टिकवर," ती शेजारच्या आरासेलीला म्हणाली. उन्हाळ्यात झाडं करपू नयेत म्हणून स्पेनमधल्या आल्मेरियाच्या त्या माळावर सगळेच हरितगृहांच्या छताला चुना मारतात आणि थंडीआधी धुऊन काढतात. "माझेच हात चालत नाहीत आता. म्हातारी झाले."

रोजच्यासारखं आरासेलीने आपल्या रांगत्या मुलीला, निएव्हेसला, अंगुस्तियासमावशींच्या कडेवर दिलं आणि कामाला गेली.

तिला कारण ठाऊक होतं. मावशींचं छत जुन्या पद्धतीचं, द्राक्षाच्या मांडवासारखं सपाट नि बुटकं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्यावरून निम्मं घसरूनच जायचं, पण उरलेलं तरी त्यांचं होतं. आरासेलीने यंदा नवऱ्याच्या मागे लागून आपलं छत बदललं होतं. दक्षिणेला लांब उतरतं पाखं, मागे उंच आढं. ऊन कसं समोरून आत शिरायचं. तिच्या मिरच्या लालबुंद झाल्या. पण आढं उभारलं ते भर उन्हाळ्यात, सूर्य डोक्यावर असताना, तेव्हा सावली पायाशीच मावली होती. थंडी पडली तशी ती लांबत गेली आणि वाट ओलांडून मावशींच्या टोमॅटोवर जाऊन बसली.

"मग काय, आढं कापू?" नवरा, हिनेस, म्हणाला होता. "विचारलंय का तिने? नाही ना? मग गप्प बस."

ती गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन गेली तर मावशी छतावर. प्लास्टिक पेलणाऱ्या तारांवर गुडघे टेकून, पाण्याची नळी सोडून ब्रशने घासतायत.

"मावशी, खाली या. पडाल."

"या तारा माझ्या नवऱ्याने ओढल्यात. त्याने कधी पाडलं नाही, त्या काय पाडतील? दूध तापवून ठेवलंय, पाज तिला."

"किती वेळा धुणार?"

"निघेपर्यंत. चुनाही माझ्यासारखाच हट्टी मेला."

प्लास्टिक लख्ख होतं. निएव्हेसने मावशींना पाहून दोन्ही हात वर पसरले, आणि आरासेलीने सांगून टाकलं.

"चुना नाही तो, मावशी. आमचं आढं आहे. सावली पडते तुमच्यावर. मला थंडी पडल्यापासून माहीत आहे."

ब्रश थांबला. मावशींनी आढ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. एक उन्हात होता, एक सावलीत.

"म्हणजे माझे हात ठीक आहेत," त्या म्हणाल्या.

शिडीवरून त्या एकट्याच उतरल्या. आरासेलीने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. पोरीला मात्र घेतलं. "चल बाई, दूध निवलं तुझं," म्हणत आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

नळी अजून वाहत होती. आरासेलीने नळ बंद केला. वाटेवर, आपल्याच आढ्याच्या सावलीत, ती जरा वेळ उभी राहिली. गार होतं तिथे. मग आढ्याचे नट सोडवायचे पाने कुठे ठेवलेत ते हिनेसला विचारायला निघाली.