कणा शाबूत हाय

मी बोलतेय. तिकडे कुठे बघताय? जरा खाली बघा. मी तुमच्या कमरेएवढीच उंच आहे. लाल रंग, दोन दारं, दोनच सीटा आणि मागे दुमडता येणारं कापडी छप्पर. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणसं गाडी बघायची सोडून नावच बघत बसतात. अधूनमधून मी स्वतःचं कौतुक करेन, तेवढं चालवून घ्या. जुनी सवय आहे.

माझा जन्म जपानातला. मला पळण्यासाठीच बनवलं. अंगाने हलकी, बूड जमिनीला टेकलेलं, आणि वळणावर रस्ता असा धरायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. बोटीतून मुंबईला आले आणि दातांच्या एका डॉक्टरांच्या घरी गेले. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळलेला तो माणूस रविवारी सकाळी मला घेऊन निघायचा आणि घाटात मोठमोठ्याने गाणी म्हणायचा. सूर भयंकर, पण हात हलका. बारा वर्षं त्यांनी मला जपलं. मग त्यांचे गुडघे गेले. माझ्यात बसायला जमायचं, पण त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागायची. शेवटी त्यांनी मला विकलं. चावी देताना बॉनेटवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. मलाही फार वाईट वाटलं.

दुसरा मालक विनेश. अलिबागजवळ नागावला त्याचं होमस्टे आहे. त्याने मला चालवायला घेतलं नव्हतं, फाटकात उभं करायला घेतलं होतं. पाहुणे यायचे, मला टेकून फोटो काढायचे, आणि मीही नटून उभी राहायचे. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते.

एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं की जाहिरातीसाठी माझा फोटो काशीदच्या ओल्या वाळूवर काढायचा, मागे लाट फुटतेय असा. अहो, ह्याचा सगळा जन्म समुद्राकाठी गेला आणि भरती कधी आहे ते बघितलं नाही! फोटो झकास आला. तोवर माझी मागची चाकं वाळूत रुतली होती. पाणी आधी चाकांना लागलं, मग पोटाला, मग प्रत्येक फटीत शिरलं. शेवटी ट्रॅक्टर आणून मला ओढून काढलं. किनाऱ्यावरचे लोक हसत होते. माझी सगळी ऐट त्या दिवशी वाळूत गेली.

घरी आणून विनेशने मला शाम्पूने धुतलं, वरून. पॉलिश केलं, तेही वरून. पावसाळ्याआधी कुणाकडून तरी पोटाला काळा रंग मारून घेतला, मिठावरच. वरून कीर्तन, आतून तमाशा! विनेश वाईट माणूस नाही. काळा रंग मारला म्हणजे काळजी मिटली, असं त्याला खरंच वाटत होतं.

मला मात्र कळत होतं. माझी मागची चाकं एका आडव्या लोखंडी चौकटीला धरून असतात. त्या चौकटीची डावी बाजू आतून कुजत चालली होती. तीन पावसाळे मी ताडपत्रीखाली काढले आणि गंज मला आवाज न करता खात राहिला.

मग विनेशने मला विकायला काढलं. गिऱ्हाइकं आली, एकेक नमुना. एकाने आल्या आल्या विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा माझ्यात बसून रील काढून निघून गेला. तिसऱ्याने डिकी उघडून नाक मुरडलं, "आंब्याच्या चार पेट्या तरी बसल्या पाहिजेत हो!" खाली वाकून एकानेही बघितलं नाही. मी मनात म्हणत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग मैत्री आली. मैत्री मुरूडला राहते आणि रेवदंड्याच्या शाळेत गणित शिकवते. तिच्याबरोबर करमअली चाचा होते. चाचा सत्तरीचे, खाडीकाठी होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. सकाळच्या एसटीत दोघं रोज बरोबर येतात, तेवढीच त्यांची ओळख, पण पक्की.

"मला एकच गाडी हवी," मैत्री विनेशला म्हणाली. "सोमवार ते शनिवार शाळा आणि महिन्यातून एक रविवार ट्रॅक. घाटावर रेसचा ट्रॅक आहे ना, तिथे आपापली गाडी नेऊन पळवता येते. दोन्ही कामं एकीनेच करायची."

बाई मोठी पक्की! 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका' असं तिने आधीच फोनवर सांगितलं होतं, आणि आल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघितलं, कारण थंड इंजिनाला खोड लपवता येत नाही. मग आठवीच्या वह्यांचा गठ्ठा बाजूच्या सीटवर ठेवून बघितला, डबा कुठे राहील ते बघितलं. इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकत बसली. इतक्या वर्षांत माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

वह्या विनेशच्या ओसरीवर ठेवून तिने चाचांना बाजूला बसवलं. चाचांचे गुडघे कानाला लागले. "ही गाडी हाय का होडगं?" ते म्हणाले. चौलचे गतिरोधक तिने मला तिरकी घालून पार केले, पोट कुठे घासू दिलं नाही. रस्ता मोकळा बघून तीनदा करकचून ब्रेक मारला. साळावचा पूल ओलांडला, कोर्लई मागे टाकलं आणि वळणं सुरू झाली. अहाहा! वळणाआधी ब्रेक, वळणात हात स्थिर, बाहेर पडताना पाय अलगद खाली. तिसऱ्या वळणावर मी तिच्या प्रेमात पडले.

परत येताना ती म्हणाली, "चाचा, हीच. पुढच्याच रविवारी ट्रॅक आहे. आठ महिने वाट बघितलीय मी. हिलाच घेऊन जाते."

शाळेच्या रस्त्यावर कदाचित काही झालं नसतं. पण ट्रॅकवर भरधाव उजवं वळण घेताना सगळा भार मागच्या डाव्या चाकावर येतो. ती कुजकी चौकट तिथे तुटली असती. मी भिंतीवर गेले असते, आणि आत मैत्री.

मी खडखडायला हवं होतं. एखादा आचका द्यायला हवा होता. तेवढं मला जमलं असतं. पण मी काय केलं? ठेवणीतला आवाज काढला. इतकी गोड गुणगुणले की मैत्री हसली.

चाचा मात्र हसले नाहीत. "मला मोटारीतलं काय कळत न्हाय," ते म्हणाले. "पण घ्यायच्या आधी माझ्या कामावर ने हिला. त्या विनेशलाबी बोलव."

खाडीकाठी दोन होड्या ठोकळ्यांवर चढवलेल्या होत्या. त्यांच्या मधे चाचांनी मला चेन-पुलीने उचललं, खाली ठोकळे लावले आणि स्वतः उताणे होऊन माझ्याखाली शिरले. हातात लाकडी हातोडा. टण. टण. टण. शी! मला असं कुणी ठोकलं नव्हतं कधी. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. टण. टण. आणि मग मागे डाव्या बाजूला, भद्द.

चाचा थांबले. पुन्हा ठोकलं. भद्द. त्यांनी पटाशीने काळा रंग खरवडला तशी खारी बिस्किटासारखी एक खपली सुटून त्यांच्या छातीवर पडली. त्यांनी ती जिभेला लावली आणि थुंकली.

"पोरी, ही समुद्रात जाऊन आलीय."

विनेशचा चेहरा उतरला. "एकदाच, मॅडम. फोटोसाठी. पण रोजच्या वापराला काही होणार नाही हो. ट्रॅकवर तेवढी जरा हळू चालवा."

"ट्रॅकवर हळू चालवायला कशाला जाऊ मी?" मैत्री म्हणाली. "आणि शाळेच्या रस्त्यावर समोरून माझीच पोरं चालत येतात."

ती चांगल्या साडीनिशी जमिनीवर झोपली आणि त्या भोकात बोट घालून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेणला एक पांढरी गाडी तिने बघून ठेवली होती. आता ही उठणार, साडी झटकणार आणि जाणार, हे मला दिसत होतं.

ती उठली, पण गेली नाही. "चाचा, होडी अशी निघाली तर तुम्ही काय करता?"

"फळी कुजली तर फळी बदलायची. कणा कुजला तर होडी जाळायची. तिच्यात मानसं बसवायची न्हाईत."

"मग हिचा कणा बघा."

चाचा पुन्हा खाली गेले. या वेळी अर्धा तास. पुढून मागे, वीतभर सरकायचं आणि ठोकायचं, कान लावायचा आणि पुन्हा ठोकायचं. मघाशी ज्या हातोड्याचा राग आला होता, त्याच हातोड्याचा प्रत्येक ठोका मी आता जीव मुठीत धरून ऐकत होते.

चाचा बाहेर आले. दाढीत गंज, डोळे लाल. "कणा शाबूत हाय. एक फळी गेली. ती बदल, मग ने हिला कुठंबी."

विनेशने मान वर केली. "चौकट मी मागवून देतो," तो म्हणाला, आणि त्याने ती खरोखर मागवली.

मैत्रीने तो रविवार सोडला. आठ महिन्यांची वाट बघणं एका मिनिटात सोडून दिलं. "ट्रॅक कुठे पळून जातोय?" म्हणाली, आणि चार महिने पुन्हा एसटीने शाळेत गेली. तिकडे अलिबागच्या गॅरेजमध्ये माझा काळा रंग खरवडून काढला, गोड्या पाण्याने धुतलं, नवी चौकट बसवली. काय बाई आहे! असल्या माणसाच्या हाती लागायला नशीब लागतं.

गेल्या महिन्यात आम्ही ट्रॅकवर गेलो. पहिला फेरा तिने बेताने घेतला. दुसऱ्या फेऱ्यात ते लांबलचक उजवं वळण आलं आणि सगळा भार मागच्या डाव्या चाकावर आला. त्या जागी तिने स्वतःचं बोट घालून बघितलं होतं. माझं काय काय कुजलं होतं ते तिला पाठ होतं, आणि तरी तिने पाय खाली दाबला. मी रस्ता धरला. अकरा गाड्यांत नववी आले, पण हेल्मेटच्या आत ती इतकी हसत होती की मला इंजिनाचा आवाज ऐकू येईना.

आता रोज सकाळी मी शाळेच्या आवारात उभी असते. पोरं माझ्याभोवती गोळा होतात आणि मी थोडी नटतेच.

पण एक कबुली द्यायची राहिली. त्या दिवशी मला वाचा असती, तर मी मैत्रीला खरं सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. मला ती हवी होती, इतकी हवी होती की तिच्या जिवाचा विचार मी मागे टाकला. म्हणून आज सांगते, जुनी गाडी निवडायला जाल तेव्हा गाडीच्या गोड आवाजावर जाऊ नका. निवडलं जायची आम्हाला फार हौस असते. कपडे मळू द्या, लोक हसले तर हसू द्या, पण खाली झोपा आणि ठोकून बघा. तिच्यात तुमचं माणूस बसणार असतं.