वरची मूठ

मित्रांनो, कुमासीच्या बाजारात मला ओलोंका म्हणतात. आहे मी पत्र्याचा जुना डबाच, पण मापाचा, म्हणून माझा तोरा मोठा. दुधाची पावडर पोटात घेऊन आलो. ती संपल्यावर सेर्वाबाईने मला आपल्या चवळीच्या गोणीवर बसवले.

गिऱ्हाईक आधी माझ्या बुडाशी हात फिरवते, कारण बूड आत ठोकलेले लबाड डबेही आमच्यात आहेत. माझे बूड सपाट. मग मी शिगोशीग भरतो आणि वर एक मूठ फुकट पडते. त्याशिवाय आमच्याकडे सौदा पुरा होत नाही.

सेर्वाबाईची लेक दुफिए दहा वर्षांची. तिच्या शाळेच्या सँडलचा पट्टा तुटला होता. आई म्हणाली, "शनिवारी दुकान तू सांभाळ. नफा तुझा, त्यातून सँडल घे." सँडल चाळीस सेदींना होते.

पोरगी हिशेबाला पक्की. एक माप चवळी वीस सेदींना पडते, चोविसाला जाते. दहा मुठींत मी भरतो, म्हणजे वरची मूठ दोन सेदींची. "अर्धा नफा फुकट वाटायचा?" असे म्हणून तिने मूठ बंद केली. मला वाईट वाटले.

पहिली आली बिरागो मावशी, आमची नेहमीची. माप ओतून झाले तरी पिशवी उघडी धरून उभी.

"मावशी, झालं की."

"झालं? पोरी, हात घरी ठेवून आलीस का?"

ही गोष्ट बाजारभर झाली. दिवसभरात पाचच मापे खपली. नफा वीस सेदी.

आई रागावली नाही. "मूठ घालून मला मापामागे दोनच सुटतात. पण मापं किती जातात माझी?"

"वीस," दुफिए हळूच म्हणाली.

"वजाबाकी छान आली तुला. गुणाकार राहिला."

पुढच्या शनिवारी दुफिए सँडलला दोरी बांधून आली. बिरागो मावशी मान वळवून पुढे चालली होती.

"मावशी, मागची मूठ राहिलीय तुमची."

मावशीने पिशवी पुढे केली. मूठ पडल्यावर म्हणाली, "बरं, आता एक मापही घाल."

त्या दिवशी मावशीचे धरून अकरा मापे खपली, प्रत्येकावर मूठ पडली. तेव्हापासून ही पोर माझ्यावर फार माया करते. आता मला गंज चढलाय, पण ती मला रोज कोरड्या फडक्याने पुसते. तुमच्या घरी असे जुने माप असेल तर तेही पुसून ठेवा.

दुफिएला सँडल मिळाले का, ते मला विचारू नका. मागचे वीस सेदी धरून हिशेब मांडा. फक्त फेडलेली मूठ वजा करायला विसरू नका.